वेरूळचं शांत टोक आणि एका आईचं नाव



मागच्या महिन्यात आम्ही पाचजणी वेरूळला जाऊन आलो. मी, माझ्या धाकट्या जाऊबाई, नणंद आणि शेजारच्या दोघी. संभाजीनगरात राहून आयुष्य गेलं. वेरूळ इथून जेमतेम तीस किलोमीटर. पाहुणे आले की त्यांना घेऊन जायचं, कैलास लेणं दाखवायचं, घृष्णेश्वराला नमस्कार करायचा आणि परत यायचं, असं मी निदान पंधरा वेळा केलं असेल. पण आपली लेणी नीट, बसून, वेळ देऊन कधी पाहिली नव्हती. दरवेळी कुणाचे तरी पाय दुखायचे, कुणाला तरी उन्हाचा त्रास व्हायचा, आणि "जैन लेणी लांब आहेत, पुढच्या वेळी बघू" असं ठरायचं. या वेळी आम्ही उलटं केलं. आधी शेवटच्या टोकाला गेलो.

मंगळवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवार धरला. पहाटे उठून दशम्या, तिखट पुऱ्या, भोपळ्याचे घारगे केले. भाजलेले शेंगदाणे, गूळ, गाळून उकळलेलं पाणी घेतलं. सूर्यास्ताच्या आत जेवून घरी पोहोचायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

दारातून आत गेलं की समोर कैलास. तिथे शाळांच्या सहली, फोटो काढणारे, गाईड, सगळा गलबला. तिथून उत्तरेकडे जायला बस मिळते. किलोमीटरभराहून जास्त अंतर आहे. बसमधून उतरलो आणि एकदम आवाज थांबला. डोंगर, झाडं, पोपट आणि आम्ही. शहरापासून तासाभरावर इतकी शांतता आहे आणि आपण ती पंधरा वेळा चुकवली, याचं वाईट वाटलं.

थोडा हिशोब सांगते. वेरूळला लोकांसाठी खुली असलेली लेणी ३४. पहिली बारा बौद्ध, तेरापासून एकोणतीसपर्यंत हिंदू, आणि तीस ते चौतीस ही पाच आपली. १९८३ साली युनेस्कोने वेरूळला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. कैलासाचं श्रेय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याला देतात, म्हणजे आठव्या शतकाचा उत्तरार्ध. आपली लेणी त्यानंतरची, मुख्यतः नवव्या-दहाव्या शतकातली. म्हणजे एकाच डोंगरात तीन धर्मांचे लोक चारशे-पाचशे वर्षं एकापाठोपाठ एक छिन्नी चालवत होते.

तीस नंबरच्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात. मोठ्या कैलासाचा नमुना समोर ठेवून लहान प्रमाणात कोरायला घेतलं, पण ते पुरं झालं नाही. बत्तीस नंबरची इंद्रसभा मात्र बघत राहावी अशी. अंगणात शिरताच मधोमध एकाच दगडातून कोरलेलं छोटं मंदिर आहे, चारी बाजूंना मुख असलेलं. आपण त्याला चौमुख, सर्वतोभद्र म्हणतो. समवसरणात भगवंत चारी दिशांना दिसतात, तीच कल्पना. एका बाजूला अखंड दगडाचा हत्ती, दुसऱ्या बाजूला मानस्तंभ. हा मानस्तंभ अठ्ठावीस फुटांच्या आसपास उंच. १८७० च्या दशकात व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक लेणी बघून गेला आणि दुसऱ्या दिवशी हा स्तंभ कोसळला, अशी नोंद त्या काळच्या अभ्यासकांनी केलेली आहे. नंतर तो पुन्हा उभा केला. मानस्तंभ बघितला की माणसाचा मान, म्हणजे अहंकार गळतो, असं आपण म्हणतो. एवढ्या मोठ्या साहेबाच्या पाठोपाठ मानस्तंभच पडला, हे ऐकून नणंदबाईंना फार हसू आलं.

जिना चढून वर गेलं की खरी इंद्रसभा. नाव मात्र चुकीचं पडलेलं आहे. ओसरीच्या एका टोकाला हत्तीवर बसलेला यक्ष आहे, त्याला कुणीतरी इंद्र समजलं आणि तेच नाव रूढ झालं. समोरच्या टोकाला अंबिका, आंब्याच्या झाडाखाली, सिंहावर, मांडीवर मूल घेतलेली. आंब्याची पानं, फळं इतकी दाट कोरलीत की सावली पडल्यासारखी वाटते. मान वर केली की छतावर जुन्या रंगकामाचे अवशेष दिसतात.

अंबिकेसमोर आम्ही बराच वेळ बसलो. तिची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण पुन्हा सांगते, कारण पुढे तिचं काम आहे. ती आधी अग्निला नावाची साधी गृहिणी होती, सोमशर्मा ब्राह्मणाची बायको. घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. दारात मुनी आले, तिने त्यांना आहार दिला. नवरा चिडला आणि दोन मुलांसकट तिला घराबाहेर काढलं. मुलांना भूक लागली तेव्हा वाळलेल्या आंब्याला फळं आली. पुढे ती नेमिनाथांची यक्षी झाली, आणि तो नवरा पुढच्या जन्मी तिचं वाहन, सिंह झाला. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, स्वयंपाक तिचा, हात तिचा, पुण्यही तिचं, आणि विचारायचं मात्र नवऱ्याला." आम्ही हसलो. पण ते वाक्य माझ्या मनात अडकलं. का अडकलं ते पुढे सांगते.

या लेण्यांत एक जोडी सारखी सारखी दिसते. एका भिंतीवर पार्श्वनाथ, समोरच्या भिंतीवर बाहुबली. पार्श्वनाथांवर कमठाचा उपसर्ग चालू आहे, राक्षसी रूपं चहूबाजूंनी अंगावर धावून येताहेत, धरणेंद्राने फणा धरलाय, पद्मावतीने छत्र. समोर बाहुबली, पायाशी हरणं, अंगाभोवती वेली. एक बाहेरून आलेलं संकट सोसतोय, दुसऱ्याला बाहेरून कुणीच त्रास देत नाही, त्याची झुंज स्वतःशीच. दोघांच्या चेहऱ्यावर शांतता मात्र सारखीच. श्रवणबेळगोळची भव्य मूर्ती ९८१ ची मानतात. वेरूळची बरीच बाहुबली शिल्पं त्याहून जुनी आहेत.

बाहुबलींच्या दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया आहेत, वेली दूर करणाऱ्या. अभ्यासक त्यांना विद्याधरी म्हणतात. आपण बायका लहानपणापासून त्यांना ब्राह्मी आणि सुंदरी म्हणत आलो, ऋषभदेवांच्या दोन मुली, बाहुबलींच्या बहिणी. ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक. आपली परंपराच सांगते की अक्षरं आणि आकडे या घरात आधी मुलींच्या हाती आले. मी बी.कॉम. झाले तेव्हा आमच्या आजीने हेच सांगून सगळ्यांना पेढे वाटले होते. "सुंदरीची विद्या घेतली पोरीने," म्हणाली होती.

आकड्यांवरून आठवलं. ही लेणी घडत होती तो काळ मोठा विद्येचा. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याने ८१४ ते ८७८ असं चौसष्ट वर्षं राज्य केलं. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं कर्नाटकातलं मळखेड. आदिपुराण लिहिणारे आचार्य जिनसेन त्याचे गुरू. बाहुबलींची कथा आपण ज्या तपशिलाने ऐकतो ती या ग्रंथातली. जिनसेनांच्या हातून तो पुरा झाला नाही. शिष्य गुणभद्रांनी काम तडीस नेलं. त्याच अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला, साधारण ८५० साली. त्यात व्याज, मुद्दल, मुदत, त्रैराशिक, भागीदारीतल्या नफ्याची वाटणी, सगळं आहे. ऋण संख्येला वर्गमूळ नसतं, हेही त्यांनी त्या काळात सांगून ठेवलं. १९१२ मध्ये मद्रासला रंगाचार्यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ छापला. पुढे १९६३ मध्ये आपल्या सोलापुरातून हिंदी भाषांतर निघालं. कॉलेजात आम्हाला चक्रवाढ व्याज शिकवलं, पण हे नाव कुणी घेतलं नव्हतं.

एवढा मोठा राजा, म्हणून लेणी राजानेच खोदली असतील असं वाटतं. पण नीट बघितलं तर तसं दिसत नाही. भिंतींवर मोठ्या योजनेत न बसणाऱ्या कितीतरी छोट्या छोट्या तीर्थंकर मूर्ती आहेत. जिथे जागा मिळाली तिथे कोरलेल्या. इंद्रसभेत खालच्या मजल्यावर एका शांतिनाथांच्या मूर्तीशी लेख आहे, ती सोहिल नावाच्या ब्रह्मचाऱ्याची असल्याचा. दुसऱ्या एका मूर्तीशी नागवर्म्याचं नाव आहे. शेजारच्या जगन्नाथ सभेत, तेहतीस नंबरला, खांबांवर जुन्या कन्नड लिपीतली अक्षरं आहेत. म्हणजे ज्याची जशी ऐपत तशी त्याने एकेक मूर्ती करवून घेतली. आपल्या मंदिरात कुणी पंखा देतं, कुणी घंटा, कुणी एक पायरी, अगदी तसं.

आणि मूर्तींच्या खाली, आसनाशी, कोपऱ्यात नीट बघा. गुडघे टेकून, हात जोडून बसलेली छोटी माणसं दिसतात. कुठे पुरुष, कुठे स्त्री, कुठे दोघं. श्रावक आणि श्राविका. तिचा अंबाडा, कानातलं, सगळं कोरलंय. पण नाव नाही. पुरुषाची निदान दोन नावं आम्हाला सापडली. बाईचं त्या दिवशी तोपर्यंत एकही नाही.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. जेवून थोडं पडलो आणि मग डोंगरावरच्या पार्श्वनाथांकडे निघालो. लेण्यांच्या वर, डोंगराच्या अंगावर ही मूर्ती आहे. बसलेली, तरीही सोळा फुटांच्या आसपास उंच, डोक्यावर नागफणा. वरून नंतरच्या काळात बांधलेलं छप्पर. खालची लेणी पुरातत्त्व खात्याची, तिथे आपण बघणारे. इथे मात्र आजही पूजा होते, इथे आपण दर्शनाला येणारे. शेजारची एकजण गुडघेदुखीमुळे खाली थांबते म्हणाली, मग आम्हीच तिला हात देत देत वर नेलं.

या मूर्तीवर लेख आहे. शके ११५६, जय संवत्सर, फाल्गुन शुद्ध तृतीया, बुधवार. मी लगेच हिशोब केला. शकात ७८ मिळवले की १२३४. पण फाल्गुन म्हणजे शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं, म्हणून १२३५. संवत्सराचाही ताळा बघितला. साठ वर्षांचं चक्र असतं. २०१४ च्या गुढीपाडव्याला जय संवत्सर लागलं होतं. २०१४ वजा १२३४ म्हणजे ७८०, साठाने भागलं की बरोबर तेरा. पाईचाही फरक नाही. आणि आम्हीही बुधवारीच आलो होतो!

त्या वेळी देवगिरीला यादवांचं राज्य होतं, सिंघण गादीवर होता. लेण्यांचं मोठं खोदकाम थांबून दोन-अडीचशे वर्षं लोटली होती. अशा वेळी चक्रेश्वर नावाच्या एका श्रावकाने ही मूर्ती करवली. आणखीही जिनमूर्ती घडवल्या. लेखात या डोंगराला चारणाद्री म्हटलंय, चारण ऋद्धिधारी मुनींचा डोंगर. भरत चक्रवर्तीने कैलास पर्वताला तीर्थ केलं, तसं चक्रेश्वराने या चारणाद्रीला केलं, असा त्याचा भाव आहे. आणि हे सगळं कशासाठी, तर कर्मक्षयासाठी.

आता मी जे सांगायला बसले ते. लेखात चक्रेश्वराचं कूळ दिलंय. वर्धनपुरात राणुगी झाला, त्याचा मुलगा गालुगी, गालुगीची पत्नी स्वर्णा. या दोघांना चार मुलगे, त्यांत चक्रेश्वर प्रमुख, दानशूर.

स्वर्णा. आईचं नाव. "गालुगीची भार्या" एवढ्यावर भागवता आलं असतं. चार मुलांची आई म्हणून नुसता उल्लेखही चालला असता. पण लिहिणाऱ्याने नाव विचारलं, सांगणाऱ्याने सांगितलं आणि ते दगडात गेलं. जवळजवळ आठशे वर्षांनी आम्ही पाच बायकांनी तिथे उभं राहून ते नाव मोठ्याने घेतलं. नणंदबाईंनी तर हात जोडले, "स्वर्णाबाई, जय जिनेंद्र."

मला मात्र घाम फुटला, चढण्याचा नव्हे. कारण असं. आमच्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार चाललाय. दातारांचा जुना फलक काढून नवा बसवायचाय. मी मंदिराचे हिशोब बघते, म्हणून यादी टाईप करायचं काम माझ्याकडे. जुन्या फलकावरून आणि पावतीपुस्तकांवरून मी एक्केचाळीस नावं उतरवली. त्यात बायका तीन, तिन्ही विधवा. मला काही खटकलं नाही. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

त्या एक्केचाळिसांत एक नाव माझ्या सासऱ्यांचं. "सभामंडपाची फरशी यांजकडून." आता घरातली गोष्ट. ती फरशी सासूबाईंच्या पाटल्यांची. चार पाटल्या, माहेरच्या. सासूबाईंची हिशोबाची वही माझ्याकडे आहे, लाल कापडाच्या बांधणीची. दूध, धोबी, वाण्याची उधारी, आणि मध्येच एक ओळ: पाटल्या चार, मंदिराच्या फरशीस दिल्या. पुढे रक्कम नाही, तक्रार नाही. खालच्या ओळीत पुन्हा दूध. ती वही मी वीस वर्षं कपाटात जपून ठेवलीय, आणि यादी करताना मला ती आठवलीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाला काय बोलू?

उतरताना मी हे सगळ्यांना सांगितलं. जाऊबाईंनाही पाटल्यांचं ठाऊक नव्हतं. पण त्यांचं म्हणणं वेगळं पडलं. "ताई, दान गुप्तच चांगलं. सासूबाईंनी नाव मागितलं नाही. आता आपण लावून त्यांचं पुण्य कमी करायचं का? नावाचा हव्यास म्हणजे मान कषायच की."

मुद्दा खोटा नाही. मी बसमध्ये गप्प बसून विचार करत होते. मग मला असं वाटलं की गुप्तदान असेल तर ती ओळ कोरी राहायला हवी. इथे ती कोरी नाही, तिथे दुसऱ्याचं नाव आहे. सासऱ्यांचा काही दोष नाही, त्या काळी पावती घरातल्या कर्त्याच्या नावाने फाटायची, विचारायची पद्धतच नव्हती. पण जमाखर्चात एकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर पडली तर आपण ती दुरुस्त करतो. त्यात हव्यास नाही, ती नोंद बरोबर करणं आहे. चक्रेश्वराचं कर्म आईच्या नावाने वाढलं असेल असं मला वाटत नाही. त्याने खरं ते लिहवलं, इतकंच.

जाऊबाईंना हे अर्धं पटलं. म्हणाल्या, "मग सासऱ्यांचं नाव काढू नका, दोघांचं लावा." ते मलाही पटलं. स्वर्णाचं नाव तरी कुठे एकटं आहे?

दिवेलागणीच्या आत घरी पोहोचलो. रात्री आमच्या ह्यांना वही दाखवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "आईच्या हातात काचेच्याच बांगड्या का असायच्या, ते मी कधी विचारलंच नाही," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी यादीतल्या घरी फोन लावायला सुरुवात केली. एकच प्रश्न: ही देणगी दिली तेव्हा त्यात घरातल्या कुणाकुणाचा वाटा होता? एका घरी सांगितलं, आईने शिवणाच्या पैशातून दिलं होतं. एका घरी सूनबाईंनी पटकन सासूचं नाव सांगितलं आणि मागून "कशाला उगाच" असा आवाज आला. एका आजींनी स्वतः फोन घेतला आणि निक्षून सांगितलं, "माझं नाव नको. मी भगवंताला दिलंय, मंदिराला नाही." त्यांचं नाव मी लिहिणार नाही. तिथे जाऊबाईंचं खरं. पण त्यांना आधी कुणी विचारलं तरी.

आतापर्यंत सत्तावीस घरी बोलून झालंय. चौदा नावं वाढली. मंडळाच्या बैठकीत यादी ठेवायची आहे. फलक मोठा होईल, ग्रॅनाइटचा खर्च वाढेल, असं आत्ताच कानावर आलंय. वाढीव खर्चाचा आकडा मी काढून ठेवलाय. तो मी भरणार आहे, आणि पावती माझ्या नावाने घेणार आहे.

मैत्रिणींनो, वेरूळला जाल तेव्हा उलट्या टोकाने सुरुवात करा. सकाळी लवकर जा, पाणी जवळ ठेवा, डोंगर चढताना घाई करू नका. इंद्रसभेत अंबिकेसमोर थोडं बसा, आणि मूर्तींच्या पायाशी बसलेल्या त्या बिननावाच्या श्राविका शोधा. मग वर जाऊन पार्श्वनाथांचं दर्शन घ्या. आणि घरी आल्यावर आजीची, सासूची जुनी वही असेल तर एकदा उघडून बघा. काय सापडलं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.